सोनेरी रंगातला ठोकळ्या

मित्रांनो, मी एक जुना ठोकळ्या आहे आणि सध्या मला अतिशय किळस आलेली आहे. एरवी मी नाक मुरडणाऱ्यांतला नाही. पण अंगभर सोनेरी रंग फासून, गळ्यात प्लास्टिकच्या फुलांचा हार घालून कुणी तुम्हाला चौथऱ्यावर बसवलं, तर तुम्हीही गोड बोलणार नाही.

मी कापडी बटणं बनवणारं हातयंत्र. माझा जन्म एका लेथवाल्याच्या दुकानात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, वर लांब दांडा आणि पोटात दोन साचे. साच्यात कापडाचा गोल तुकडा ठेवायचा, त्यावर पत्र्याची टोपी ठेवायची आणि दांडा ओढायचा. टक्क! कोटाच्याच कापडाचं बटण तयार. खालच्या साच्याच्या काठाला एक बारीकसा टवका आहे, त्यामुळे माझ्या प्रत्येक बटणाच्या कडेला छोटी सुरकुती पडते. तीच माझी सही. अंगाने बोजड म्हणून मावशीने माझं नाव ठोकळ्या ठेवलं.

मावशी म्हणजे माझी मालकीण. सगळी गल्लीच तिला मावशी म्हणते. तिच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा होती. समोरचा शिंपी कापडाच्या कातरणी आणून द्यायचा, मागच्या गल्लीतला पत्रेवाला टोप्या कापून द्यायचा आणि शेजारची सून दुपारी येऊन कापडाचे गोल कापायची. माझा दांडा खाली आला की इतक्या घरांत चूल पेटायची. मावशी रोज सकाळी मला तेलाचा एक थेंब पाजायची आणि "चल रे ठोकळ्या" म्हणायची. माझं कौतुक एवढंच, पण ते मला पुरायचं.

मावशीच्या मनात दुसरं यंत्र घ्यायचं होतं. शेजारच्या सुनेलाही हा धंदा शिकवावा, असं तिला फार वाटे. मावशीचा धाकटा दीर उद्योग प्रोत्साहन केंद्रात नोकरीला होता, म्हणून तिने तिथे अर्ज केला. अर्जाचं भिजत घोंगडं पडलं. मग एक दिवस दीर स्वतःच घरी आला. केंद्रात छोट्या उद्योगांचं प्रदर्शन भरणार होतं. वहिनींनी यंत्र दोन दिवस तिथे ठेवलं तर अर्जाकडे मोठ्या साहेबांचं लक्ष जाईल, असं त्याने समजावलं. मावशी घुटमळली, कारण शिंप्याने नुकतंच बँडवाल्यांच्या कोटांच्या लाल बटणांचं काम दिलं होतं. ती वेळेत मिळाली नाहीत तर तो बाजारातून तयार बटणं आणणार होता, आणि एकदा तिकडे वळलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. पण दिराला नाही कसं म्हणायचं? तिने मला जुन्या चादरीत गुंडाळून दिलं.

केंद्रात मी कळकट दिसतो असं कुणालातरी वाटलं. झालं, आणला सोनेरी रंगाचा डबा! अंगाला फासला, दांड्याच्या सांध्यात ओतला, साच्यांवरून ब्रश फिरवला. मित्रांनो, ज्या तोंडात रोज तेलाचा थेंब पडायचा, त्यात आता रंग गेला! मग माझ्यापुढे पाटी ठेवली, ‘हात लावू नये’. आणि सुरू झाली भाषणं. छोटा उद्योग म्हणजे देशाचा कणा, कणा आणि पुन्हा कणा. उचलली जीभ लावली टाळ्याला! आयुष्यात एक बटण न शिवलेली माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेत होती. आमच्या केंद्राने घडवलेली उद्योजिका, असंही एकजण मावशीबद्दल म्हणाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. त्या माणसाच्या हाताचा घाम अजून माझ्या अंगावर आहे असं वाटतं.

दोन दिवस झाले, प्रदर्शन संपलं, तरी मला कुणी घरी पाठवेना. मावशी दोनदा येऊन रिकाम्या हाताने गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. शिंपी आता थांबायला तयार नव्हता.

"वहिनी, आता हे यंत्र तुमचं एकटीचं राहिलं नाही," दीर म्हणाला. "आमच्या केंद्राचा अभिमान आहे तो."

"भाऊजी, तुमच्या अभिमानाला बटणं करता येतात का?" मावशीने विचारलं.

दीर हसला आणि तिच्या सत्काराचं काहीतरी बोलू लागला. मावशीने पाटी बाजूला सारून माझा दांडा धरला. तो हलेना. तिने माझ्या तोंडात डोकावून पाहिलं आणि पिशवीतून पाना काढला. दिराचा फोन वाजला. बोलता बोलता त्याने मागे वळून पाहिलं.

"पुसताय का? पुसा, पुसा. संध्याकाळी मोठे साहेब येणारेत."

"हो, पुसतेय," मावशी म्हणाली.

तिने दांडा सोडवला, दोन्ही साचे काढले, सगळं पिशवीत टाकलं आणि जाताना माझ्या अंगावरून एकदा हात फिरवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बरंही वाटलं. माझ्यातलं कामाचं सगळं घरी चाललं होतं.

काही दिवसांनी केंद्राचा वर्धापनदिन आला. दारात बँड वाजला आणि बँडवाले आत येऊन नेमके माझ्यासमोर उभे राहिले. त्यांच्या नव्या कोटांवर लाल कापडी बटणं होती आणि प्रत्येकाच्या कडेला ती छोटी सुरकुती होती. म्हणजे लेथवाल्याने माझ्या साच्यांना नवं अंग दिलं होतं. मावशीचा दांडा तिकडे खाली येत होता. मला रडावं की हसावं कळेना.

मोठ्या साहेबांनी मात्र बटणांकडे पाहिलंही नाही. ते माझ्याशेजारी उभे राहिले, फोटोसाठी हसले आणि म्हणाले, "हेच ते यंत्र, ज्याने एक संसार उभा केला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिराने सगळ्यात जोरात वाजवल्या.

मित्रांनो, मी अजून तिथेच बसलो आहे. हार रोज पुसला जातो. कामाच्या वस्तूला जपायचं तर तिला तेल द्या, काम द्या आणि ज्याची आहे त्याच्या हातात राहू द्या. आणि कुठे एखादं यंत्र असं नटवून बसवलेलं दिसलं, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याचा दांडा कुठे आहे ते बघा. मला दांडा नाही, हे इथे अजून एकाच्याही लक्षात आलेलं नाही.