गोडाची चरबी

सफरचंदाच्या टार्टचा तुकडा तोंडात टाकला आणि मी उडालेच. गोड सारणाला चक्क मांसाचा वास! संध्याकाळी लग्नाची ऑर्डर जायची होती आणि आमच्या बेकरीत असं कधी म्हणजे कधीच झालं नव्हतं.

आमच्याकडे चरबी कढवायचं काम आईचं. डुकराच्या गुर्द्याभोवतीची चरबी गोडाला, कारण तिला वास नसतो आणि तिने पापुद्रे छान सुटतात. पाठीच्या चरबीला मांसाचा वास राहतो, ती तिखटामिठाच्या पदार्थांना. कढवून गार केली की दोन्ही पांढऱ्या, तरी आई डब्यांवर चिठ्ठ्या लावू देत नाही. ज्याला चिठ्ठी लागते त्याने भट्टीपाशी उभंच राहू नये, असं तिचं म्हणणं.

खाटकानेच घोळ घातला असणार, म्हणून मी तणतणत त्याच्या दुकानात गेले आणि नाही नाही ते बोलले. बिचाऱ्याने ऐकून घेतलं. दोन्ही पुडकी वेगळी बांधून, सांगून आईच्या हातात दिली होती म्हणाला. मी आले तशी परत फिरले.

आई पारी लाटत होती. परवा मी तिला म्हटलं होतं, आता तू थकलीस, घरी बस. तेव्हापासून आमचा अबोला होता. मी पाठीच्या चरबीचा डबा उघडून तिच्या नाकाखाली धरला आणि विचारलं, ही कुठली?

तिने हुंगलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझं डोकंच फिरलं.

"माझ्याकडे काय बघतेस? वास घे."

"येत नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं. कसलाच येत नाही."

वर्षभर हिने एकदाही चूक केली नव्हती. मग ओळखायचीस कशी, मी विचारलं.

"डबा उघडला की तुझ्याकडे बघायचे. पाठीची असली की तू नाक मुरडतेस. परवापासून तू माझ्याकडे तोंडच वळवलं नाहीस. आणि सांगितलं असतं तर तू घरीच बसवलं असतंस."

खरं होतं. बसवलंच असतं.

ऑर्डर पुन्हा करायला हवी होती. मी दुसरा डबा उघडून हुंगला. आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, पण मी इतकी रडत होते की तिला काहीच कळेना.

"सांग ना," ती म्हणाली. "ही कुठली?"