वादळाकडे तोंड केलेला माणूस

चाळीस वर्षं लोकांना भूल देऊन झोपवणारे डॉक्टर जगन्नाथ निवृत्त झाले आणि अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या जागत्या मराठी लोकांवर चित्रं घेऊन तुटून पडले. चित्रंही साधीसुधी नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या रोमँटिक निसर्गचित्रकारांनी त्यांना झपाटलं होतं, त्यामुळे अक्राळविक्राळ डोंगर, फाटलेलं आभाळ आणि खाली मुंगीएवढा पाठमोरा माणूस. कुणाचीही वास्तुशांत असली की जगन्नाथकाका असं एक चित्र भेट देत. यजमान "वॉव!" म्हणत आणि ते पाहुण्यांच्या बाथरूममध्ये टांगत. पुढच्या खेपेला काका मुद्दाम हात धुवायला जात आणि तोंड पाडून परत येत.

अशात ओळखीतल्या चारुताने आपणहून फोन केला, "काका, नव्या घराच्या हॉलसाठी तुमचं ते मोठं रेनिअर पर्वताचं पेंटिंग द्याल?" तेव्हा काका हरखून गेले. दोन वर्षं डोंगराच्या वाऱ्यात बसून, सर्दी आणि प्रतिमाकाकूंचे टोमणे सोसत त्यांनी ते काढलं होतं. आपल्याला आयुष्यात एकच चित्र जमलंय आणि ते हेच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते चारचौघांनी हॉलमध्ये बघावं यासाठी ते काहीही करायला तयार होते.

शनिवारी चित्र भिंतीला लागलं. चारुताने पुण्याच्या वास्तुतज्ज्ञांना व्हिडिओ कॉल लावला.

"नैऋत्येला पर्वत उत्तम," फोनमधून आवाज आला. "पण वीज नको. घरात कलह होतो."

काकांनी रंग आणलेच होते. वीज ढगात बुजवली.

"मोडकं झाड अशुभ."

झाडाला पालवी फुटली.

"लाज कशी वाटत नाही हो?" प्रतिमाकाकू पुटपुटल्या. काकांना वाटत होती, पण भिंत फार मोठी होती.

"आणि तो पुरुष घराकडे पाठ करून उभा आहे. म्हणजे कर्ता पुरुष घर सोडणार. त्याला फिरवा."

"प्लीज काका," चारुता म्हणाली. "शंतनूच्या ऑफिसमध्ये लेऑफ चाललेत. मला रिस्क नकोय."

काकांनी ब्रश उचलला. फिरवला असता एक वेळ. पण मग त्या बिचाऱ्याने बघायचं काय? डोंगर सोडून सोफा आणि पंचाहत्तर इंची टीव्ही? काकांना स्वतःचाच संताप आला.

"हा फिरणार नाही," ते म्हणाले. "चित्र मी परत नेतो."

चारुताचा चेहरा उतरला. तिच्या नवऱ्याने, शंतनूने, चित्राची एक बाजू धरली आणि तो नि काका गॅरेजमध्ये आले. तिथे मात्र त्याने चित्र भिंतीला टेकवलं आणि तो बघतच राहिला.

"काका, गुरुवारी माझा जॉब गेला," तो हळूच म्हणाला. "व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत नवा नाही मिळाला तर इंडियाला परत. चारूला सांगितलं नाहीये अजून." मग त्याने चित्रातल्या माणसाकडे बोट दाखवलं. "हा घाबरलाय का?"

"भयंकर," काका म्हणाले. "पण हलत नाही बेटा."

"मग इथेच राहू दे ना. कॉलवर त्या वास्तुतज्ज्ञांना आम्ही गॅरेज दाखवलंच नव्हतं."

काकांनी दोन सायकलींच्या मधोमध खिळा ठोकला. हॉलची भिंत गेल्याचं त्यांना दुःख झालंच, खोटं कशाला बोला. शंतनू चित्रासमोर हाताची घडी घालून बराच वेळ उभा होता. काकांनी घाई केली नाही.

शेवटी त्याने दार उघडून हाक मारली, "चारू, जरा बाहेर ये. बोलायचंय."