कांदा ऐकावा लागतो

सगळ्या इमारतीला मिळून एकच नाक होतं आणि ते काकूंच्या चेहऱ्यावर होतं. दूध नासलंय की चालेल, पीठ जुनं झालंय का, अशी शंका आली की लोक भांडं घेऊन त्यांच्या दारात उभे राहत. काकू डोळे मिटून हुंगत आणि निकाल देत. त्यावर अपील नसे. कारखान्यात जन्मभर फिटरचं काम करून निवृत्त झालेले काका म्हणत, "लोक नाकाने कांदे सोलतात ते नुसतं बोलण्यापुरतं. आमची ही खरंच सोलते."

मग एका तापाने ते नाक नेलं. ताप उतरला, खोकला थांबला, वास मात्र परतला नाही. काकूंना ते कळलं तेही दुधामुळेच. ओट्याला पाठ करून त्या मटार सोलत बसल्या होत्या आणि हातभर अंतरावर दूध आटून पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. काका बाहेरून आले ते ओरडतच. डॉक्टर म्हणाले, कधी वास परत येतो, कधी नाही. जिभेला खारट-आंबट-गोड कळत होतं, पण त्यापलीकडचं जेवण म्हणजे पुठ्ठा.

"कुणाला सांगितलंत तर याद राखा," काकूंनी काकांना बजावलं.

काकांनी कुणाला सांगितलं नाही. पण वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ तेलाची बाटली घेऊन आली तेव्हा काकूंनी सवयीने डोळे मिटले, हुंगलं आणि सांगून टाकलं, "चांगलंय. वापर."

दुसऱ्या दिवशी जाऊ परत आली. "ताई, ते तेल खवट होतं हो! ह्यांनी पहिल्याच घासाला ताट सरकवलं. तुम्ही म्हणालात म्हणून वापरलं."

"बाटली उन्हात ठेवली असशील," काकू म्हणाल्या. त्यांनी दार लावलं. खोटं बोलल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त भीती वाटली. येत्या रविवारी त्यांची पाळी होती.

तळमजल्याच्या सामाईक खोलीत दर महिन्याला इमारतीतलं कुणीतरी सगळ्यांसमोर आपला हातखंडा पदार्थ करून दाखवी आणि बाकीचे आपापल्या युक्त्या सांगत. काकूंचं कांदा-मसुराचं सूप गेल्या वर्षापासून मागणीत होतं. त्यात मसाला जवळपास नाहीच. सगळी चव कांदा किती परतला यावर. आणि तो किती परतायचा, हे काकूंनी आजवर एकाच वाक्यात सांगितलं होतं: "वास बदलला की मसूर टाकायची."

"रंगावरून कर की," काका म्हणाले.

"रंग दिव्याप्रमाणे फसवतो. तुमच्या त्या पिवळ्या दिव्याखाली कच्चा कांदासुद्धा सोनेरी दिसतो."

काकांनी थोडा विचार केला. "यंत्राचं बेअरिंग बिघडलं की आम्ही काय करायचो, माहितीये? स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं आणि मूठ कानाला. आतलं सगळं ऐकू येतं."

"माझी कढई म्हणजे यंत्र वाटली का तुम्हाला?"

पण त्या संध्याकाळी काकूंनी लांब दांड्याचा लाकडी डाव कढईच्या काठाला टेकवला आणि दुसरं टोक कानाला लावलं. आधी ओला, दांडगा चरचराट आला. कांद्यातलं पाणी सुटत होतं, तोवर तो तसाच राहिला. मग आवाज बारीक झाला, सुकी पानं पायाखाली यावीत तसा. आणि मग बसला. काकूंनी थोडा चाखून पाहिला, मऊ आणि गोड. कांदा नेमका त्यांना हवा तसा झाला होता. आठवडाभर त्या रोज कांदा परतत राहिल्या आणि काका तक्रार न करता रोज तेच सूप पीत राहिले.

रविवारी खोली भरली. कुणी सांगितलं, सुरीला धार असेल तर डोळे कमी चुरचुरतात. कुणी सांगितलं, कांद्यावर सुरुवातीलाच मीठ टाकलं की पाणी लवकर सुटतं. काकूंनी मान डोलावली आणि मीठ टाकलं. मग कांदा ऐकायला गेल्या, तर काहीच कळेना. भिंतीतला मोठा पंखा घरघरत होता.

"ताई, वास घ्या ना. झाला का?" पहिल्या रांगेतून जाऊ म्हणाली.

सगळे त्यांच्या नाकाकडे पाहत होते. हुंगल्यासारखं करून "झाला" म्हणणं सोपं होतं. काकूंना ती तेलाची बाटली आठवली.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "तापापासून येत नाही. तुझं तेल मी न कळता चांगलं म्हटलं, चूक माझी होती. आता तो पंखा बंद करा आणि सगळे गप्प बसा. मला कांदा ऐकायचाय."

कुणीतरी हसलं. काकूंनी वळून असं पाहिलं की ते हसू तिथेच विरलं. पंखा थांबला. काकूंनी डाव कढईला टेकवला, दांडा कानाला लावला आणि डोळे मिटले, अगदी पूर्वी हुंगताना मिटत तसेच. खोलीत आता सगळ्यांनाच ती चरचर ऐकू येत होती. ती बारीक झाली. बसली.

"मसूर," काकू म्हणाल्या आणि त्यांनी ती टाकली.

सुपाचं पातेलं रिकामं झालं. जाऊने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा काकूंनी तिला आधी डाव दिला. "शिकून घे. नाक कधी दगा देईल, सांगता येत नाही." मागे काका ज्याला-त्याला सांगत होते, "पंख्याचंही बेअरिंग गेलंय, मी मघाशीच ओळखलं होतं." पण त्यांची नजर बायकोवरून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खिडकीशी चहा घेत होत्या. वरच्या खिडकीतून जाऊचा आवाज आला, "अहो, तो रेडिओ बंद करा! मला कांदा ऐकू येत नाहीये!"

रेडिओ थांबला. काकूंनी कप खाली ठेवला आणि कान वर केला. क्षणभर ऐकलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी हाक मारली, "आच कमी कर गं! करपतोय!"

वर कढई घाईघाईने खाली उतरवल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने जाऊ खिडकीत आली.

"करपतच होता, ताई. तुम्हाला खालून कळलं?"

"मग काय," काकू म्हणाल्या आणि चहाकडे वळल्या.