चाराचा आकडा उगवेना

खंडेनवमीला शाळेत दोरीच्या उड्यांची स्पर्धा होती. उड्या मोजायला नववीतल्या झुंबरने यंत्र जुळवले होते. सुटे भाग माझे, खटपट तिची. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी मुलांना असले उद्योग शिकवायला शाळेत जात असे.

पाटावर उडी पडली की खालचा खटका दबे आणि पेटीवरच्या काचेच्या नळीत आकडा उजळे; दहापासून पुढे शेजारी दुसरी नळी. नळीत शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे बारीक तारेचे, एकामागे एक उभे. ज्याला वीज मिळेल तोच नारिंगी पेटायचा.

सकाळी मुलींनी यंत्राची पूजा केली, झेंडूची माळ बांधली. मग झुंबरने उड्या मारून पाहिल्या. एक, दोन, तीन... आणि शून्य! पुन्हा एक, दोन, तीन, आणि एकदम आठ, नऊ.

"हे कुठल्या गावचे आकडे?" मुख्याध्यापिका लताबाई म्हणाल्या. "पाहुणे येईपर्यंत नीट झालं तर ठीक. नाहीतर पेटी कपाटात, आणि आपण तोंडानेच मोजू."

झुंबर रडवेली झाली. "काका, तुम्हीच बघा ना."

"तूच बघशील. आधी बटण बंद कर. आता कुसा, आणि तुम्ही तिघी, इकडे बसा."

मी त्या चौघींना म्हटले, "नळीला कुठला आकडा पेटवायचा ते सांगणाऱ्या पेटीतल्या चार तारा, त्या तुम्ही. हिची किंमत एक, हिची दोन, कुसाची चार, हिची आठ. तारेला उठणं नाहीतर बसणं, म्हणजे वीज असणं नाहीतर नसणं, एवढंच कळतं. उठलेल्यांची बेरीज म्हणजे आकडा. पाच करा!"

कुसा आणि एकवाली उठल्या.

"शाबास! झुंबर, आता एकीला दाबून बसव. कोणाला बसवलं की यंत्रासारखा घोळ होतो?"

तिने आधी आठवालीला धरले. नऊ म्हणताच एकटी एकवाली उठली. "छे, यंत्रात तर नऊ येतोय." मग कुसाचे खांदे दाबले. "चार!" कोणीच उठले नाही. "पाच!" एकवाली. "आठ!" आठवाली.

"काका, कुसाच! चाराची तार बसलीय!"

"मी काय केलं गं?" कुसा फणकारली.

पेटीचे झाकण उघडले. दोरा संपला म्हणून माळ तांब्याच्या तारेने बांधलेली. तिचे टोक हवेच्या जाळीतून आत शिरून चाराच्या तारेला टेकले होते, आणि चाराची वीज पेटीच्या पत्र्यात उतरत होती.

"माळ कोणी बांधली?" मी विचारले.

"...मीच," कुसा म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या.

झुंबरने ती तार ओढून काढली. पाहुणे आले, उड्या सुरू झाल्या. नवानंतर शेजारच्या नळीत एक उजळला, पहिलीत शून्य. वेळ संपल्याची शिट्टी लताबाईंच्या हातात होती, पण त्या नळ्यांकडे बघतच राहिल्या.

"बाई, वेळ संपली! शिट्टी!" झुंबर ओरडली.