अल खोरचं पाणी

"आनखी खाली घे!" इब्राहीमने काठीने ओली वाळू ठोकून दाखवली.

शफीकने गाडीतून मान बाहेर काढली. "अब्बा, पाणी जवळ आहे."

"आज चांदाची पंधरावी. दुपारी भरती झाली, आता मगरिबच्या नमाजापर्यंत सुकती, पानी उतरनार. मला नको शिकवूस."

दाभोळच्या खाडीत उभा जन्म होडी हाकलेल्या माणसाला, कंपनीच्या बसने कामावर जाणारा मुलगा काय शिकवणार? त्याने मुकाट्याने गाडी खाली घेतली. कतारमधल्या अल खोरच्या मच्छीमारांचं गाव मागे राहिलं होतं. कांदळवनाआडच्या या खाडीत शुक्रवारच्या सुट्टीलाही कुणी फिरकत नसे.

आई गेल्यावर शफीकने बापाला इथे आणलं, तेव्हापासून म्हाताऱ्याने एकच धोशा लावला होता: परत पाठव. फ्लॅटमध्ये त्याचा पाय ठरत नसे. गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी. शेवटी काल शफीक म्हणाला, "खलास. उद्या तिकीट काढतो." बोलून तर बसला, पण गावच्या बंद घरात अब्बा एकटे कसे राहणार, हे त्यालाही कळत नव्हतं.

त्याची बायको हजरा चटईवर बसून चहा ओतत होती. एकाएकी ती ओरडली, "अब्बा, चाकं बघा!"

पाणी उतरायचं सोडून चढत होतं. शफीकने धावत जाऊन गाडी सुरू केली, पण चाकं जागीच फिरून रुतली. हजराने चटईच चाकाखाली सारली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. बापलेकांनी जीव खाऊन ढकललं, तेव्हा कुठे गाडी वर आली.

इब्राहीम तिथेच घोटाभर पाण्यात उभा राहिला. एरवी शफीक हसला असता. पण पाण्याने बापाला खोटं पाडलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला ते बघवेना.

"होतं असं, अब्बा. चला, यल्ला. तिकिटाचं ऑफिस आता संध्याकाळचं उघडेल."

म्हाताऱ्याने वाकून ओंजळभर पाणी उचललं, चाखलं आणि थुंकलं.

"मीठच मीठ. आनि भरतीची येल पन भलतीच."

"अब्बा, तिकीट..."

"तिकीट कुठं पलून जातंय?" लुंगी वर खोचत तो आणखी आत निघाला. "सकाळी कामावर जायच्या आधी मला हितं सोड. ह्या पान्याची रीत कळल्याबिगर गावाला काय तोंड दाखवू?"

 हजराने हळूच गाडीचं इंजिन बंद केलं.