माऊलीनं मटण सोडलं

वैष्णवीच्या हाडांतला रक्ताचा कारखाना बंद पडलाय, असं संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि येलदरीजवळच्या त्या गावात जो तो काहीतरी सोडायला लागला. घरचं माणूस आजारी पडलं की ते बरं होईस्तोवर आवडीची एक गोष्ट सोडायची, ही तिकडची रीत. सरजाबाई आजीनं चहा सोडला आणि दुसऱ्याच दिवसापासून डोक्याला फडकं बांधून सगळ्या गल्लीशी भांडण काढलं. शेजारच्या दिनकररावांनी कारलं सोडलं. ते त्यांनी जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं. बन्सीधरमामानं दिवसा झोपायचं सोडलं, असं तो झोपेतून उठून सांगायचा.

वैष्णवीच्या धाकट्या भावानं, माऊलीनं, मटण सोडलं. तेव्हा मात्र गल्ली गप झाली. नाव माऊली असलं तरी अठरा वर्षांच्या त्या गड्याचा देव पातेल्यात राहायचा. पंचक्रोशीत कुठंही कंदुरीचं जेवण असलं की बोकडाच्या आधी हा हजर. त्यातही नळी म्हणजे जीव की प्राण. वैष्णवी लहानपणापासून स्वतःच्या ताटातली नळी आजीची नजर चुकवून त्याच्या ताटात सरकवायची. तो ती ताटावर आपटायचा, ओढायचा, आणि डोळे मिटून बसायचा.

मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, जुळतोय तो एकट्या माऊलीच्याच हाडांतला मगज. तो दिला तर पोरगी उठंल, न्हाई तर आमच्या हातात काही न्हाई.

हाडातला मगज म्हटल्यावर गावाला दुसरं काय सुचणार? नळी! पोराच्या हाडात माल भरला पाहिजे म्हणून मावशा, आत्या, चुलत्या पायाच्या रश्श्याची पातेली घेऊन दारात उभ्या राहिल्या. माऊली वासानंच व्याकुळ झाला. पण आजी उंबऱ्यात आडवी. देवाला दिलेला शब्द मोडायचा न्हाई, म्हणाली. आलेलं अन्नही परत पाठवता येईना. शेवटी भाच्याच्या वतीनं बन्सीधरमामा खायला बसला. आठवडाभरात मामाच्या गालांवर तेज आलं.

माऊली मात्र सुकत चालला होता. शाळेत धनुर्वाताचं इंजेक्शन बघून तो भोवळ येऊन नर्सबाईच्या अंगावर पडला होता, आणि ती सुई बाईंनाच टोचली होती. त्यात दिनकररावांनी मायेनं समजावलं होतं, की डॉक्टर मांडीच्या हाडाला गिरमिटानं भोक पाडतात, सुतार चौकटीला पाडतो तसं. जन्मभर लंगडायचं, बाकी काही न्हाई. माऊलीनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही.

आईबाप वैष्णवीजवळ दवाखान्यातच होते. माऊलीला घेऊन आजी आणि मामा जीपनं निघाले. देवगाव फाट्याला चहासाठी गाडी थांबली. आजीनं चहाच्या वासाकडं पाठ केली. माऊली लघवीचं निमित्त करून ढाब्यामागच्या तुरीत शिरला आणि बसला तो बसलाच.

गाडी निघताना आजीनं विचारलं, पोरगं बसलं का? ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. गोधडीखाली कुणीतरी घोरत होतं. झोपलंय, म्हणाला. मामाचं कुणी विचारलंच नाही. जीप भुर्रकन गेली, माऊलीचा मोबाईलही घेऊन.

तुरीतून बाहेर आला तेव्हा माऊलीला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग भूक लागली. ढाब्याच्या आश्रुबाला तो म्हणाला, जे असंल ते वाढा. आश्रुबानं वाढलं. तर्री लालभडक, आणि मधोमध बोटभर नळी.

माऊलीनं ताट मागं सरकवलं.

"का रं? ताजं हाय," आश्रुबा म्हणाला.

"सोडलंय. ताईसाठी."

"काय झालंय ताईला?"

"रगत बनंना तिचं."

"अन कुठंय ती?"

"संभाजीनगरला. दवाखान्यात."

आश्रुबानं खांद्यावरच्या फडक्यानं टेबल पुसलं. "मग तू हितं काय करायलास, लेका?"

माऊली त्या नळीकडं बघत राहिला. मग ताटातली कोरडी भाकरी तेवढी हातात घेतली आणि समोर आलेल्या संभाजीनगरच्या एस्टीला हात केला.

तिकडं जालन्यात आजीनं पोराला उठवायला गोधडी ओढली, तर खालून मामा निघाला. आजीच्या काठीचा त्या दिवशी चांगला उपयोग झाला. जीप फाट्यावर परत आली, तुरीचं शेत पालथं घातलं, आणि सगळे रडवेले होऊन दवाखान्यात पोचले, तर माऊली दारातच बाकावर बसलेला.

"किती उशीर केलात," तो म्हणाला.

गिरमिट नव्हतंच. मगजाचं बी रक्तात उतरावं म्हणून काही दिवस रोज एक सुई टोचली आणि मग त्याला मशीनजवळ झोपवलं. एका हातातून रक्त निघून नळीनं मशीनमध्ये जात होतं, तिथं गोल फिरून, ते बी तेवढं मागं ठेवून, दुसऱ्या हातानं परत अंगात येत होतं. माऊली डोळे फाडून बघत राहिला. आपल्या आत एवढं चाललेलं असतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला भोवळ आली नाही. ती दारातून डोकावणाऱ्या मामाला आली.

शेवटी पिशवीत जमलं ते वाटीभर, टमाट्याच्या सारासारखं. आजी किती तरी वेळ त्याच्याकडं बघत होती.

"एवढ्यात अख्खी पोरगी मावती?" तिनं हळूच विचारलं आणि पिशवीला हात जोडले.

ती पिशवी वैष्णवीला सलाईनसारखी लावली. ती काचेपलीकडं होती, डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क. पुढचे आठवडे घरच्यांनी काचेला नाक लावून काढले. एका सकाळी डॉक्टर हसत बाहेर आले. कारखाना चालू झाला होता. आता हळूहळू हिचा रक्तगटही भावाचाच होईल, असं त्यांनी सांगितलं.

काचेपलीकडून वैष्णवीनं फोन उचलला. "माऊल्या, आजवर दिलेल्या नळ्या वसूल झाल्या बघ."



वर्ष उलटलं. वैष्णवीच्या डोक्यावर वेणीपुरते केस आले, डॉक्टरांनी सगळं खायला मोकळीक दिली, आणि घरी कंदुरी झाली. आजीनं आधी चहाची किटली रिकामी केली. दिनकररावांना मुद्दाम कारलं वाढलं. माऊलीच्या ताटात भलीमोठी नळी पडली. त्यानं सवयीनं ती उचलली, आपटायला हात वर नेला, आणि थांबला. आतलं ते पिवळट, मऊ, एवढंसं. पंगतीतली पोरं खिदळायला लागली तरी तो बघतच होता. मग आजीची नजर चुकवून त्यानं ती शेजारच्या ताटात सरकवली.

"खा की रं," वैष्णवी म्हणाली. "वरीस झालं तुला."

"तू खा. तुझ्यात माझंच रगत हाय. मीच खायलोय."