हंडा कोणाचा?

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. मुक्ताबाईच्या घरी घोडं नाही, मासे आले. आणि तेही बहात्तरच्या दुष्काळात. सोनईची माणसं हंडाभर पाण्यासाठी रानोमाळ हिंडत होती, आणि तिचा नवरा राधाकृष्ण पुण्याहून मांडीवर काचेची पेटी घेऊन एसटीतून उतरला. कापडाचं दुकान बापाच्या जिवावर चालत असलं की माणसाला असली थेरं सुचतात.

पेटी दुकानामागच्या बैठकीत, आल्यागेल्याला दिसेल अशी मांडली. आडाच्या पाण्यानं भरली. आडाला पाणी होतं, पण जड. साबणाला फेस येत नसे, तांब्याच्या तळाला पांढरी खपली धरे, आणि तुरीची डाळ कितीही रटरटली तरी डाळ वेगळी अन् पाणी वेगळं. प्रवासानं गळाठलेले दोन मासे लगेच मेले. राधाकृष्णानं पुण्याच्या दुकानदाराला गाठलं. त्यानं लिटमसचे लाल कागद हातात दिले आणि समजावलं, की कागद निळा झाला तर पाणी क्षारांचं, त्याचा पीएच चढा. माशांना गोड पाणी लागतं.

झालं! राधाकृष्णानं आडात कागद बुडवला, तो निळा झाला, आणि घरात जणू शोध लागला. दहा वर्षं मुक्ताबाई सांगत होती की पाणी जड आहे, डाळ पाण्यामुळं शिजत नाही. तेव्हा सासरे आबासाहेब ताट सरकवून म्हणायचे, "हिला साधं वरण जमत न्हाई." आणि हा मान डोलवायचा. बायको बोलली ते रडगाणं, अन् कागद बोलला ते शास्त्र!

गोड पाणी म्हणजे फक्रुद्दीन बागवानाच्या मळ्यातलं. ओढ्याचे झरे आटले तेव्हा त्यानं स्वतःची मोसंबी वाळू दिली, पण विहीर गावाला मोकळी केली. नेम एकच. घरटी एक हंडा, तोही पिण्या-रांधण्यापुरता. मुक्ताबाईकडं तो पिण्यातच संपे, डाळ आडाच्याच पाण्यात. त्याची बायको हसीना रहाटाशी उभी राहून पाणी वाटायची. गावात कुणी त्या नेमाला धक्का लावला नव्हता. राधाकृष्णानं लावला.

"आजपासून हंडा पेटीत ओतायचा," तो म्हणाला. "रोज हंडाभर जुनं काढायचं, हंडाभर गोड घालायचं."

"अन् आपून काय प्यायचं?"

"आडाचं. आजवर मेलोय का त्यानं?"

मुक्ताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मळा काय दाराशी होता? उन्हाच्या आत उठून, रांग धरून, मानेचा काटा ढिला होईस्तोवर ओझं वाहून आणायचं तिनं, आणि प्यायचं कुणी, तर शेपट्या हलवणाऱ्या काळ्या माशांनी! शिवाय विहिरीवर हसीनाच्या तोंडाकडं बघायची चोरी झाली. ती बिचारी पोहरा निथळून थेंबन् थेंब हंड्यात घालायची, आणि मुक्ताबाईला वाटायचं, आपण दरोडा घालतोय.

बरं, मासे तरी सुखी होते? छे. गोड पाण्यात ते पंख मिटून एका जागी थरथरू लागले, हिवतापाच्या रोग्यासारखे. राधाकृष्ण म्हणाला, "अजून जुन्या पाण्याचा अंश असेल. चालू दे."

एक दिवस जावयासमोर आबासाहेबांनी कच्च्या डाळीचा दाणा बोटाच्या चिमटीत धरून दाखवला. "बघा, गोळ्या हायेत बंदुकीच्या." सगळे हसले. पेटीकडं बघत राधाकृष्णही हसला.

त्या हसण्यानं काम केलं. दुसऱ्या दिवसापासून मुक्ताबाईनं मळ्यातला हंडा सरळ स्वयंपाकघरात नेला, आणि रोज पेटीत हंडाभर पाणी घातलं ते आडाचं. मासे जगोत की मरोत, तिला सोयरसुतक नव्हतं. पण गंमत अशी, की आडाचं पाणी हळूहळू पेटीत मुरलं तसे मासे ताठ झाले, खाण्यावर तुटून पडू लागले; ती जातच जड पाण्याची निघाली. पंधरवड्यात काळ्या मादीला पिल्लं झाली. तिकडं वरण लोण्यासारखं शिजू लागलं, आणि आबासाहेब मुकाट्यानं दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागले. शाबासकी मात्र कुणी दिली नाही.

राधाकृष्णाची छाती फुगली. गोड पाण्याचा गुण म्हणून जे ते गिऱ्हाईक पेटीपुढं उभं केलं जाऊ लागलं. कागद थोडे उरले होते, ते त्यानं बड्या पाहुण्यासाठी जपून ठेवले.

आणि पाहुणा आला तो नेमका फक्रुद्दीन. मुलीच्या, बानूच्या लग्नाचं कापड घ्यायचं होतं. बैठकीत आबासाहेब होते, केडगावची दोन गिऱ्हाइकं होती. मुक्ताबाई नुकताच हंडा उतरवून दाराआड घाम पुसत होती.

"फक्रुद्दीनभाई, हे बघा, तुमच्याच विहिरीची करामत!" राधाकृष्ण म्हणाला. "रोज एक हंडा घालतो."

फक्रुद्दीननं कपातला चहा तसाच खाली ठेवला. "माझ्या विहिरीचं? माशांला?"

याला कशाचं भान! त्यानं ऐटीत लाल कागद काढला. "आता बघा, लालचा लालच राहील." कागद पाण्यात बुडवला. कागद बघता बघता निळा झाला.

चुकलं म्हणायची सवय असती तर तिथंच मिटलं असतं. पण तो म्हणाला, "भाई, विहीर बिघडली तुमची. खार उतरलाय पाण्यात. लोकांना सांगायला हवं."

दोन्ही गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघू लागली. फक्रुद्दीनचा चेहरा राखेसारखा झाला. ज्यानं आपली बाग वाळवून गाव जगवलं, त्याच्या विहिरीला हा नावं ठेवतोय, आणि तेही आडाच्या पाण्याच्या साक्षीनं! मुक्ताबाईला आणखी ऐकवेना. ती पदर खोचून बाहेर आली.

"विहिरीला बोल लावायचा न्हाई," ती म्हणाली. "त्यांचं पानी गोडच हाय. पेटीत हाय ते आपल्या आडाचं. महिना झाला, मीच वतते."

"तू... मला फसवलंस?" राधाकृष्ण ओरडला. "चार माणसांत माझी अब्रू घालवलीस!"

"अन् तुमी? मानसाच्या तोंडचं पानी माशांला पाजलं, तवा न्हाई गेली अब्रू? वरून त्याच मानसाच्या विहिरीला नावं ठिवता? लाज वाटू द्या जरा!"

आबासाहेबांनी खाकरून घसा साफ केला आणि पानाचा डबा पुढं ओढला. महिनाभराचं वरण त्यांच्याही पोटात होतं.

फक्रुद्दीन उठला. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं, इतक्या हळू तो बोलला. "भाभी, पानी घरात गेलं, ठीक झालं. पन त्याच्या आधी जे माशांला गेलं... शेठ, विहीर तळाला लागलीय. आज लंकाबाई रांगंत शेवटी हुती. तिला रिकाम्या हंड्यानं परत धाडलं आमी. तिची सून वली बाळंतीन हाय."

मुक्ताबाई आत वळली. मघाशी उतरवलेला हंडा अजून तसाच भरलेला होता. चुंबळ डोक्यावर ठेवून तिनं तो उचलला आणि बैठकीतूनच, सगळ्यांच्या मधून, बाहेर निघाली.

"हंडा कुठं चाललीस घेऊन?" राधाकृष्ण दारात आडवा आला.

"लंकाबाईकडं."

"आणि आपल्याला काय?"

"आपल्याला आडाचं हाय की," मुक्ताबाई म्हणाली. "तुमचे मासे बघा, कसे टुणटुणीत झालेत त्याच्यावर. व्हा बाजूला."

तो बाजूला झाला.